मागचं युनिट काढल्यावर बसच्या एसीत गॅस किती भरायचा?

बसचं घर करताना छतालगतचं मागचं एसी युनिट बहुधा निघतंच, पुढचं मात्र ठेवायचं असतं. दोन्हींचे कॉम्प्रेसर वेगळे असतील तर मागची लाइन अख्खी उतरवा, विषय संपला. एकाच कॉम्प्रेसरवर दोन कूलिंग कॉइल असतील तर मात्र गाडीतल्या एसीच्या लेबलवरचा गॅसचा आकडा बाद होतो. तरीही तोच आकडा बघून गॅस भरला जातो आणि सिस्टिम ओव्हरचार्ज होते, म्हणजे गॅस जास्त होतो.

पत्रा कापण्याआधी गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये ओढून घ्या. तो हवेत सोडायचा नाही, कारण आर-१३४ए हा एसीतला गॅस कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त तापमानवाढ करतो. शिवाय ज्वाळेत किंवा लालबुंद पत्र्यावर त्यातून हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायू तयार होतो. म्हणून लाइनमध्ये गॅस असताना वेल्डिंग, ग्राइंडर बंदच. सिलिंडर ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरू नका. मशीन थांबलं की दहा मिनिटं गेजकडे लक्ष ठेवा. तेलात विरघळलेला गॅस सुटून काटा पुन्हा चढतो, तोही ओढून घ्या.

नट खोलताना दोन पाने लावा, नाहीतर ॲल्युमिनियमचा पाइप पिळला जातो. उघडं तोंड लगेच टोपणाने बंद करा. कॉम्प्रेसरचं पीएजी तेल हवेतला ओलावा पटापट शोषतं. मागची लाइन जिथे फुटते त्या टी-जोडाजवळच बंद करायची. मागे होजचं शेपूट सोडलं तर त्यात तेल साचतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. ओलावा शोषणारा ड्रायर नवीनच बसवा. रिकव्हरीत निघालेलं आणि जुन्या ड्रायरमध्ये राहिलेलं तेल मोजून तेवढं नवं घाला, ग्रेड कॉम्प्रेसरवर लिहिलेला असेल तोच.

मग रेग्युलेटर लावून सुमारे १० बारपर्यंत नायट्रोजन भरा आणि प्रत्येक जोडाला साबणपाणी लावा. ऑक्सिजन कधीच नाही, तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो. नायट्रोजन सोडून दिल्यावर व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनच्या (व्हॅक्यूम मोजायचं एकक) खाली न्या. पंप किती वेळ चालला यावर विसंबू नका, व्हॉल्व्ह बंद करून गेज वाचा. आकडा थोडा चढून थांबला तर आत पाणी आहे, चढतच राहिला तर लिकेज.

आता गॅस. हिशेब लिक्विड लाइनचा, म्हणजे कॉइलकडे द्रवरूप गॅस नेणाऱ्या पाइपचा करायचा. आतून ८ मिलिमीटर व्यासाच्या पाइपात दर मीटरला साधारण ५५ ते ६० ग्रॅम द्रव मावतो. कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या जाड सक्शन होजमध्ये वायू असतो, तिथे मीटरला जेमतेम ३ ग्रॅम. लेबलवर ३ किलो असेल आणि ९ मीटर लिक्विड लाइन गेली असेल, तर तिथेच अर्धा किलो कमी झाला. काढलेल्या कॉइलमधला वेगळा. अशा वेळी सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून २ किलोपासून सुरुवात करा. पहिला भरणा इंजिन बंद ठेवून, हाय साइडने (जास्त प्रेशरची बाजू), द्रवरूपात. नंतरचा इंजिन चालू करून, लो साइडने (कमी प्रेशरची बाजू), फक्त वायुरूपात. इंजिन चालू असताना गेजचा हाय साइडचा व्हॉल्व्ह उघडला तर कॉम्प्रेसरचं प्रेशर सिलिंडरमध्ये शिरतं.

इंजिन १५०० आरपीएमवर आणि ब्लोअर पूर्ण ठेवून दर वेळी ५० ग्रॅम घाला, लाइनवरच्या तपासणी-काचेतले (साइट ग्लास) बुडबुडे थांबले की आणखी १०० ग्रॅम घालून थांबा. रिकामी काचही स्वच्छच दिसते, म्हणून कॉम्प्रेसरला इंजिनशी जोडणारा क्लच बंद होताना तिथे फेस येतो का तेही बघा. हाय साइड चढतेय पण हवा आणखी गार होत नाही, म्हणजे गॅस जास्त झाला. इंजिन बंद होऊन गाडी पूर्ण थंड झाली असताना, हवा ३० अंश असेल तर दोन्ही गेज ६.७ बारच्या आसपास हवेत. बरेच वर असतील तर आत हवा अडकली आहे.

शेवटची अडचण गॅसची नाहीच. दोन कॉइलसाठीचा कॉम्प्रेसर आता एकीवर चालतो, लो साइड सहज १.९ बारखाली जाते आणि कॉइलवर बर्फ धरतो. थर्मोस्टॅट मागच्या युनिटमध्ये असेल तर तो त्याच्याबरोबर गेला, आणि क्लच बंद करणारं कुणी उरलं नाही. पुढच्या कॉइलच्या फिन्समध्ये नव्या थर्मोस्टॅटचा प्रोब खोचा आणि क्लचची वायर त्या थर्मोस्टॅटमधून न्या. प्रेशर स्विच जोडलेलाच ठेवा, बायपास करू नका.