तुम्ही विचारलंत म्हणून: आईला तिकडे जर्मनीला का नेत नाहीस?

हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा मी नीट उत्तर दिलं होतं. आता नीट उत्तर देत नाही. कारण विचारणाऱ्याचा हात तोवर माझ्या खांद्यावर आलेला असतो, आवाज अर्ध्यावर उतरलेला असतो, आणि "काय गं, एकटीच असते ना ती आता" हे वाक्य माझ्या तोंडासमोर तयार असतं. मी एकुलती एक. मला माहीत आहे ती एकटी असते.

माझ्याकडे तीन उत्तरं आहेत. समोरच्याचं वय आणि माझी झोप किती झाली आहे यावर कुठलं द्यायचं ते ठरतं.

पहिलं कायद्याचं. मी २०१५ साली म्युनिकला आले. नोकरीसाठी आलेल्या कुशल माणसांना आईवडिलांना कायमचं राहायला आणता यावं अशी सोय जर्मनीने केली खरी, पण ज्यांना तसला परवाना १ मार्च २०२४ रोजी किंवा त्यानंतर पहिल्यांदा मिळाला त्यांच्यासाठी. आधी आलेल्यांनी 'असाधारण अडचण' सिद्ध करायची. म्हणजे परवा विमानातून उतरलेला, कुठला कचरा कुठल्या डब्यात टाकायचा हे माझ्याकडून समजून घेणारा ऑफिसातला पोरगा आईसाठी अर्ज करू शकतो, आणि त्याला डबे समजावणारी मी करू शकत नाही. हे सांगताना माझा आवाज चढतो. समोरचा मान हलवतो आणि म्हणतो, "पण काहीतरी मार्ग असेलच ना."

दुसरं उत्तर विम्याचं. तिथल्या सरकारी आरोग्य विम्यात जोडीदार आणि मुलं कुटुंब म्हणून बसतात, आईवडील बसत नाहीत. खासगी कंपनीकडे सत्तरीची बाई घेऊन गेलं की आधी तिच्या गुडघ्यांची चौकशी होते आणि मग दार बंद होतं.

तिसरं, "तिला तिकडे करमणार नाही." सगळ्यात सोपं आणि सगळ्यांना पटणारं. "हो गं, त्यांना आपलीच माणसं लागतात," असं म्हणून लोक खांद्यावरचा हात काढतात.

पहिली दोन खरी आहेत. तिसरं थाप आहे. आई २०१८ च्या उन्हाळ्यात आली होती, शेंगेन व्हिसाचे पूर्ण नव्वद दिवस राहिली, आणि तिला इतकं करमलं की मलाच धास्ती वाटायला लागली.

पहिल्या आठवड्यात तिने विचारलं, "इथले लोक मला कृष्ण गोत का म्हणतात?" बव्हेरियातलं 'ग्र्युस गॉट' होतं ते, आपल्या राम राम सारखं. मी समजावलं. तरी ती जिन्यात भेटेल त्याला हसून "कृष्ण गोत" असंच म्हणायची, आणि खालच्या मजल्यावरच्या, मला तीन वर्षांत कधी न हसलेल्या आजी तिच्यासाठी दार धरून उभ्या राहायच्या.

मग तिला सुपरमार्केटमधलं बाटल्यांचं मशीन सापडलं. प्लॅस्टिकची रिकामी बाटली आत सारली की पंचवीस सेंट परत. "म्हणजे वीस रुपये?" तिचा हिशेब माझ्यापेक्षा लवकर झाला. चौथ्या दिवशी ती बागेतून पिशवी भरून परत आली. लोकांनी बाकाखाली ठेवलेल्या बाटल्या! मी लाजेने अर्धी झाले. तिला सांगितलं की आई, तिथे ज्या बाटल्या कचरापेटीच्या बाहेर नीट ठेवतात ना, त्या ज्यांना गरज आहे त्यांनी न्याव्यात म्हणून ठेवतात. ती एकदम गप्प झाली. दुसऱ्या दिवशी त्याच बागेत गेली आणि तेवढ्याच बाटल्या परत बाकाखाली ठेवून आली. आणलेल्या बाटल्या तोवर मशीनला घातलेल्या होत्या, म्हणून आमच्या घरातल्या भरलेल्या रिकाम्या करून.

काचेच्या बाटल्यांची तऱ्हा वेगळी. त्या कोपऱ्यावरच्या लोखंडी पेटीत टाकायच्या, पण रविवारी नाही, आवाज होतो. आईने रविवारीच टाकल्या. समोरच्या गच्चीतून एक आजोबा हात उंच करून ओरडायला लागले. आईनेही हात उंच केला. दोघं बराच वेळ एकमेकांना हात करत होते.

मी हे असं हसत सांगते. त्या वेळी मी हसत नव्हते. तेव्हाची मी आठवते तर शाळेतली मॉनिटर दिसते. आई, हळू बोल. आई, सिग्नल लाल आहे, रस्ता रिकामा असला तरी थांबायचं. आई, लिफ्टमध्ये फोनवर नको. तिथे सतत कुणीतरी मला तपासतंय असं तीन वर्षं वाटत होतं, आणि आता माझ्याबरोबर आणखी एक माणूस तपासायला हजर होता, ज्याला नियम पाठ नव्हते. तेव्हा मी स्वतःला सांगायचे की हे तिच्या भल्यासाठी आहे. आजही मला पूर्ण खोटं वाटत नाही ते. पण पूर्ण खरंही नव्हतं.

आता टेगर्नझेचं सांगते. म्हणजे जिथे आम्ही पोचलो नाही ते.

म्युनिकहून दक्षिणेला डोंगराकडे जाणारी गाडी आहे. निघते एक गाडी म्हणून, आणि वाटेत तिचे तुकडे होतात. होल्त्सकिर्शनला एक तुकडा बायरिशत्सेलला वळतो, बाकीची गाडी पुढे जाते आणि शाफ्टलाखला पुन्हा दुभंगते: अर्धी लेंगग्रीसला, अर्धी टेगर्नझे तळ्याकडे. कुठल्या तुकड्यात बसायचं ते डब्यावरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. एका तुकड्यातून दुसऱ्यात आतून जाता येत नाही. हे मला माहीत होतं. नव्या आलेल्यांना मी हे सांगायचे, वरून "जर्मनीत गाडी वेळेवर येते की नाही ते नंतर, आधी आपण गाडीच्या कुठल्या भागात आहोत ते बघावं," असलं वाक्यही टाकायचे.

रविवार होता. डोंगर चढायला निघालेल्यांनी फलाट भरलेला. आईला समोरच्या दारातून आत चढवलं, एकच जागा दिसली, तिथे बसवलं. माझ्या पाठीवरची सॅक कुणाच्या तरी नाकाला लागत होती. "तू हलू नकोस, मी पलीकडच्या डब्यात उभी राहते," म्हणाले आणि उतरून पुढच्या दारातून चढले. चढल्यावर पाटी वाचली. टेगर्नझे. निर्धास्त झाले.

मी माझ्या डब्याची पाटी वाचली. आईच्या डब्याची नाही.

होल्त्सकिर्शनला गर्दी जरा ओसरली म्हणून तिच्याकडे जावं म्हणून खाली उतरले. माझ्या डब्यामागे फलाट होता. नुसता फलाट. मागची गाडी दूरवर वळणावर दिसली आणि दिसेनाशी झाली. तेवढ्यात माझाही तुकडा सुटला आणि मी तिथे उभी.

फोन लावला. रिंग वाजायला लागली, माझ्याच पाठीवर. तिचा फोन सकाळी चार्ज व्हायचा राहिला म्हणून मी तो सॅकमध्ये पॉवर बँकला लावून ठेवला होता. तिकीटही माझ्याच खिशात. दोघींचं मिळून एक बायर्न-टिकेट, म्हणजे बव्हेरियाभर चालणारं दिवसाचं तिकीट, त्यावर माझ्याच अक्षरात तिचं नाव. म्हणजे आई फोनशिवाय, भाषेशिवाय आणि विनातिकीट, जिथे विनातिकीट सापडलं की साठ युरो दंड.

फलाटावर रेल्वेच्या कपड्यातला एक माणूस होता. मी त्याला तीन वर्षं शिकलेल्या जर्मनमध्ये काय सांगितलं देव जाणे. विभक्ती सगळ्या चुकल्या असणार. त्याला कळलं. तो म्हणाला, पाठलाग करू नका, गाडी शेवटपर्यंत जाऊन इथेच परत येते, मी चालकाला कळवतो. फोन कानाला लावला आणि माझ्याकडे वळून विचारलं:

"काय घातलंय त्यांनी?"

आणि मला आठवेना.

माझं जुनं निळं जाकीट, हे आठवलं, थंडी वाजेल म्हणून मीच चढवलं होतं. पण त्या गाडीत निम्म्या माणसांनी निळी जाकिटं घातली होती. जाकिटाखाली काय? साडी? कुठली? की पंजाबी ड्रेस, कारण साडीत चढताना अडकशील असं मी आदल्या दिवशी म्हणाले होते? तिने ते ऐकलं होतं का? सकाळी दोन तास मी तिच्यासमोर होते. तिकीट वाचत होते, फलाट क्रमांक बघत होते, तिला काय करू नकोस ते सांगत होते. तिच्याकडे बघितलंच नव्हतं.

"केस पांढरे," मी म्हणाले. "वेणी." तो फोनमध्ये बोलला. "चष्मा?" "हो." चष्मा आहे हे नक्की माहीत होतं.

मग मी बाकावर बसले. बायरिशत्सेलला जाऊन यायला जवळजवळ दोन तास. त्या दोन तासांचं मी कुणाला काही सांगत नाही, आणि तुम्हालाही सांगणार नाही. एवढंच, की मध्ये एकदा तिचा फोन वाजला. एक आत्या. मी उचलला आणि म्हणाले, "आई ना, जरा बाहेर गेलीये."

गाडी आली. आई खिडकीपाशी, सांगितलेल्या जागेवर, हललेली नाही. जाकिटाखाली जांभळी साडी. मी आत धावले. ती म्हणाली, "आलीस? काय छान तळं होतं गं, अगदी खिडकीखाली. पण आपण उतरलोच नाही." ते श्लीअरझे होतं, दुसरं तळं. मी म्हटलं, हो, उशीर झाला म्हणून. ती म्हणाली, बरं. शेजारच्या बाकावर एक बाई होती, तिने मला बघून डोळे पुसल्यासारखं केलं, मला तेव्हा कळलं नाही का. तिकडे गाडी पुन्हा जोडली जात होती, धडक बसल्यासारखा आवाज झाला, आणि आम्ही म्युनिकला परत आलो.

आठवडाभर मी खूश होते. तिला कळलंच नाही, मी पलीकडेच होते असं तिला वाटलं! ती परत गेली. मग खोली आवरताना तिची छोटी वही सापडली, औषधांचा हिशेब लिहायची. मधल्या एका पानावर, थरथरत्या, गाडीत लिहिलेल्या अक्षरात:

डार्शिंग. मीसबाख. आगाथारीड. हाउसहाम. श्लिअरझे (इथून गाडी उलटी निघाली. माणसं बसून आहेत. उतरू नये).

पुढे बायरिशत्सेलपर्यंत सगळी नावं, ऐकली तशी. त्याखाली तीच नावं उलट्या क्रमाने, आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण, स्टेशन येऊन गेल्याची. श्लीअरझेला गाडीची दिशा खरंच बदलते, इंजिनाच्या जागी शेपूट येते. कुणीही घाबरेल. तिने कंसात स्वतःला सूचना लिहिली होती.

म्हणजे तिला सगळं कळलं होतं. आणि तिने मला "बरं" म्हटलं.

आता सांगा, यात 'आईला का नेत नाहीस'चं उत्तर कुठे आहे? मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं की उत्तर हेच: माझ्याच्याने तिची काळजी घेणं होत नाही. मग वही पुन्हा बघते तर वाटतं, काळजी घ्यायची गरज कुणाला होती? ती तर रस्ता लिहून ठेवत होती. मग परत वाटतं, सत्तर वर्षांच्या बाईने परक्या गाडीत खुणा करत बसावं आणि वर मुलीला बरं वाटावं म्हणून तळ्याचं कौतुक करावं, हे मी तिला रोजचं म्हणून द्यायचं का? कधीकधी हा सगळाच स्वतःला मोठेपणा देणारा विचार वाटतो आणि खरं कारण विमाच आहे असंही वाटतं.

वही मी तिला परत दिलेली नाही. तिनेही मागितलेली नाही. फोनवर ती अजून लोकांना सांगते की जर्मनीत दोन तळी बघितली. दुसरं कुठलं, ते मी विचारत नाही.

परवा एका लग्नात एका मावशींनी खांद्यावर हात ठेवलाच. मी म्हटलं, "विमा मिळत नाही हो."