थायरॉईडची स्लाइड : कोलॉइडची कड

तिसरा आठवडाही याच एका स्लाइडवर गेला. मानवी थायरॉईडचा छेद, हिमॅटॉक्सिलीन-इओसिनने रंगवलेला, तयार संचातला. ४च्या ऑब्जेक्टिव्हखाली (चौपट मोठं दाखवणारं भिंग) लहानमोठी गुलाबी तळी एकमेकांना खेटून दिसतात. प्रत्येक तळं म्हणजे एक फॉलिकल: भोवती पेशींचा एकच थर, आत कोलॉइड, म्हणजे साठवणीचा घट्ट द्रव.

आधी दुरुस्ती. गेल्या नोंदीत मी लिहिलं होतं की कोलॉइडभोवती पांढरी फट दिसते, म्हणजे ग्रंथी जोरात काम करत होती. ते चुकलं. ऊतक पक्कं करताना आणि त्यातलं पाणी काढताना कोलॉइड आक्रसतं आणि भिंतीपासून सलग सुटतं. ती फट स्लाइड बनवतानाची आहे. कोलॉइडवरच्या समांतर रेघाही तशाच, मायक्रोटोमच्या (पातळ छेद कापणाऱ्या यंत्राच्या) पात्याच्या. तिथे कोलॉइड ठिसूळ असतं.

मग कामाची खूण कोणती? ४०च्या ऑब्जेक्टिव्हवर कड सावकाश फिरून पाहिली. बहुतेक ठिकाणी पेशी बुटक्या आणि कड गुळगुळीत. पण एका कोपऱ्यातल्या सात-आठ फॉलिकलमध्ये पेशी उंच झालेल्या, आणि त्यांना लागूनच कोलॉइडची कड उंदराने भाकरी कुरतडावी तशी गोल गोल खाल्लेली. ते दिसलं तेव्हा मी कितीतरी वेळ आयपीसवरून डोळा काढला नाही.

कारण इथे या ग्रंथीचं सगळं वेगळेपण दिसतं. बाकीच्या अंतःस्रावी ग्रंथी संप्रेरक साठवलंच तर पेशीच्या आत साठवतात. थायरॉईडच्या पेशी मात्र थायरोग्लोब्युलिन हे प्रथिन बाहेर, फॉलिकलच्या पोकळीत सोडतात. आयोडीन त्याला तिथेच जोडलं जातं, आणि दोन-तीन महिने पुरेल एवढी कणगी भरून राहते. पिट्युटरी ग्रंथीकडून टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं संप्रेरक) आलं की त्याच पेशी कोलॉइड पुन्हा गिळतात, फोडतात आणि टी-४ व थोडं टी-३ ही थायरॉईडची संप्रेरकं मागच्या केशवाहिन्यांत सोडतात.

मोजमाप: १०च्या ऑब्जेक्टिव्हला आयपीसच्या पट्टीचं एक घर १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ४० फॉलिकल मोजली, ५० ते ४२० मायक्रॉन भरली. छेद प्रत्येकाच्या मध्यातूनच जातो असं नाही, म्हणून सरासरी काढलेली नाही.

ॲड्रीनलची (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीची) स्लाइड नुसती चाळली. तिच्या बाहेरच्या कवचातल्या मधल्या थराच्या पेशी फेसाळ दिसतात, कारण त्यांतली चरबी स्लाइड बनवताना वापरलेल्या झायलीन या द्रावकात विरघळून जाते.

थायरॉईडच्या सी-पेशी (कॅल्सिटोनिन हे संप्रेरक बनवणाऱ्या) अजून खात्रीने ओळखता आलेल्या नाहीत. फॉलिकलच्या बाजूला फिकट पेशींचे दोन पुंजके खुणेने टिपून ठेवले आहेत. पण नुसत्या या रंगावर त्यांना कॅल्सिटोनिनवाल्या म्हणायला मी तयार नाही.