जुना फ्लॅट घेताना बँकेचे मूल्यांकन पुरेसे का नसते

पुनर्विक्रीचा फ्लॅट घेणाऱ्या ओळखीच्या मंडळींकडून एक वाक्य मी वारंवार ऐकते: "बँकेचा माणूस येऊन पाहून गेला, म्हणजे घरात काही खोट नसणार." या समजुतीच्या भरवशावर आयुष्यभराची पुंजी लावली जाते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

बँक ज्या व्हॅल्युअरला, म्हणजे मालमत्तेचे मूल्य ठरवणाऱ्या तज्ज्ञाला पाठवते, त्याची फी बहुधा कर्जदाराकडूनच वसूल होते. पण त्याला उत्तर द्यायचे असते ते बँकेच्या प्रश्नाचे. कर्ज थकले तर ही मालमत्ता विकून किती रक्कम हाती येईल, एवढेच बँकेला जाणून घ्यायचे असते. त्यासाठी तो परिसरातील अलीकडचे व्यवहार, चटई क्षेत्र, इमारतीचे वय, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहतो, छायाचित्रे घेतो आणि निघतो. न्हाणीघराच्या स्लॅबमधून पाणी झिरपते का, फॉल्स सीलिंगच्या वर काँक्रीटमधले लोखंडी गज उघडे पडले आहेत का, हे शोधणे त्याच्या कामात मोडत नाही आणि त्याबद्दल त्याला दोष देणेही योग्य नाही.

तरीही त्याच्या आकड्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. ३० लाखांहून अधिक आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मालमत्तेच्या मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळू शकते आणि बँका सहसा करारातील किंमत व व्हॅल्युअरने ठरवलेले मूल्य यांतील कमी आकडा धरतात. ८० लाखांना ठरलेल्या फ्लॅटचे मूल्यांकन ७२ लाख आले, तर ६४ लाखांऐवजी ५७ लाख ६० हजारच हाती येतात. हे कमी पडलेले ६ लाख ४० हजार, शिवाय मुद्रांक व नोंदणी शुल्क, खरेदीदाराला स्वतः उभे करावे लागते. म्हणून शक्य असेल तर मोठा विसार (व्यवहार पक्का करण्याची आगाऊ रक्कम) देण्याआधीच बँकेचे मूल्यांकन करून घ्यावे.

रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने विभागवार जाहीर केलेला मालमत्तेचा दर हा तिसराच आकडा. त्यावरून येणारे सरकारी मूल्य आणि करारातील किंमत यांपैकी जे जास्त असेल, त्यावर मुद्रांक शुल्क आकारले जाते. हे मूल्य विभागवार दरांवरून काढलेले असते. इमारतीच्या वयानुसार त्यात घसारा धरला जातो, पण भिंतीतली ओल त्याला दिसत नाही. करारातील किंमत या मूल्यापेक्षा बरीच कमी असेल, म्हणजे फरक ५० हजारांहून आणि किमतीच्या १० टक्क्यांहूनही अधिक असेल, तर तो फरक खरेदीदाराचे उत्पन्न मानला जाऊन त्यावर प्राप्तिकर लागू शकतो.

यांपैकी एकाही आकड्यावरून इमारत किती वर्षे टिकेल हे कळत नाही. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरच हवा आणि इमारत पंधरा-वीस वर्षांहून जुनी असेल, तर त्याची फी टाळण्यात काहीही शहाणपण नाही, असे माझे ठाम मत आहे. माझ्या आतेभावासाठी ठाण्यातला एक फ्लॅट पाहायला आम्ही अशा इंजिनिअरला घेऊन गेलो होतो. हॉलमधल्या नव्या फरशीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. ते थेट बाल्कनीत गेले, छज्ज्याच्या खालचा भाग निरखला, लहानशा हातोडीने तुळईवर टकटक केली आणि गिलाव्याचा पोकळ आवाज आम्हालाही ऐकवला. त्यानंतर त्यांनी तळमजल्यावरच्या पार्किंगमधले कॉलम आणि गच्चीवरच्या टाकीखालचा स्लॅब पाहिला, कारण इमारतीचे दुखणे बहुधा अशाच ठिकाणी आधी उघड होते.

मग त्यांनी सोसायटीचा शेवटचा स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) अहवाल मागायला सांगितले. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर ३ वर्षांनी ऑडिट व्हायला हवे. अशा अहवालातील कार्बोनेशन चाचणी समजून घेण्यासारखी असते. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन हे रसायन टाकले की निरोगी भाग गुलाबी होतो. जिथे हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटची अल्कता गेलेली असते, तो भाग रंगहीन राहतो आणि तो थर गजांपर्यंत पोहोचला असेल, तर त्यांना गंजापासून मिळणारे संरक्षण संपलेले असते. मुंबई महानगर परिसरात महापालिका इमारतींना सी-१ ते सी-३ अशा श्रेणी देतात. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्यायोग्य, तर सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. मोठी दुरुस्ती मंजूर झालेली असेल, तर तिची वर्गणी विक्रेता भरणार की आपण, हे करारात लिहून घ्यावे.

हे सारे विसार देण्याआधी व्हावे, हे मी आग्रहाने सांगेन. विक्रेता घाई करत असेल, तर टोकनची रक्कम अगदी लहान ठेवावी आणि इंजिनिअरचा अहवाल व वकिलाचा मालकीहक्काविषयीचा शोध अहवाल प्रतिकूल आल्यास ती परत मिळेल, असे विसारपावतीत स्पष्ट लिहून घ्यावे. टोकन देऊन झाल्यावर केलेल्या तपासणीत दोष सापडला, तरी खरेदीदाराला किमतीविषयी जोर धरून बोलता येत नाही.

बिल्डरकडून नव्या घराचा ताबा घेताना प्रत्यक्ष चटई क्षेत्र मोजावे आणि दोष लेखी कळवावेत. ताब्यापासून ५ वर्षांत दाखवलेले बांधकामातील दोष रेरा कायद्यानुसार बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचे असतात. स्वतंत्र बंगल्यासाठी भूमी अभिलेख विभागाकडून हद्द कायम मोजणी करून घेणे श्रेयस्कर.

एक अपवाद मात्र नोंदवायला हवा. मुंबई-पुण्यात पुष्कळ जण जीर्ण इमारतीतील घर केवळ पुनर्विकासाच्या आशेने घेतात आणि विक्रेता त्या आशेची किंमत आधीच वसूल करतो. तिथे काँक्रीटपेक्षा कागद अधिक पाहावे लागतात: अभिहस्तांतरण (जमिनीची मालकी सोसायटीकडे येणे) झाले आहे का, मालमत्ता पत्रकावर सोसायटीचे नाव आहे का, भूखंडापुढचा रस्ता किती रुंद आहे. अशा वेळी स्ट्रक्चरल अहवाल वाचायचा तो घर रिकामे करण्याची नोटीस केव्हा येऊ शकेल याचा अंदाज बांधण्यासाठी, कारण ती पुनर्विकासाचा करार होण्याआधीच आली, तर बिल्डरकडून भाडे मिळत नाही आणि कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात.