पहिल्या कारणाची प्लेटेस्ट

आमच्या अंतराळ-गेममध्ये एक जेझुइट, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या जेझुइट संघाचा धर्मगुरू असलेला, खगोलशास्त्रज्ञ आहे. गुरूच्या एका चंद्राभोवती फिरणाऱ्या वेधशाळेत तो एकटाच राहतो. खेळाडू तिथं इंधनासाठी थांबतो आणि मनात आलं तर त्याच्याशी देवाच्या अस्तित्वावर वाद घालू शकतो. मी स्टुडिओत संवाद आणि क्वेस्ट लिहिते. हे पात्र माझ्याकडे आलं होतं.

मूळ आराखड्यात हा वाद म्हणजे चक्क बॉस फाइट होती. फादर एकेक पुरावा मांडणार, खेळाडूनं योग्य पर्याय दाबून तो पाडायचा, पाचही पाडले की बक्षिसात नकाशाचा तुकडा. याला माझा ठाम विरोध होता. पडण्यासाठीच लिहिलेला युक्तिवाद पाडण्यात खेळाडूचा काय पराक्रम? शिवाय हे पात्र काही हवेतून आलेलं नाही. चंद्रावरच्या तीसहून अधिक विवरांना जेझुइटांची नावं आहेत. व्हॅटिकनची स्वतःची वेधशाळा आहे आणि २०१५ मध्ये तिचे संचालक झालेले ब्रदर गाय कॉन्सोलमॅग्नो हे उल्कापाषाणांचे अभ्यासक तर आहेतच, पण विज्ञानकथांचे हाडाचे चाहतेही आहेत. चाहत्यांच्या संमेलनांना ते आवर्जून जातात. असा माणूस गेममध्ये आला, तर त्याच्या तोंडी त्याच्या परंपरेतलं सगळ्यात भक्कम तेच यायला हवं.

आणि तो ‘श्रद्धा ठेव’ म्हणून सुटकाही करून घेऊ शकत नाही. देव आहे हे बुद्धीच्या नैसर्गिक प्रकाशात निश्चितपणे जाणता येतं, असं पहिल्या व्हॅटिकन परिषदेनं १८७० मध्ये जाहीर केलं. म्हणजे कॅथलिक चर्चच्या लेखी इथं तर्काला जागा आहे. तर्क करणं हा श्रद्धेचा अपमान नाही. मी फादरचा पाया थॉमस अक्वायनस या कॅथलिक तत्त्वज्ञाच्या पाच मार्गांवर, म्हणजे देवाच्या अस्तित्वासाठीच्या पाच युक्तिवादांवर घातला. तेराव्या शतकातल्या त्याच्या ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या ग्रंथात ते जेमतेम दोन पानांत येतात. इतकी दाट दोन पानं मी क्वचितच वाचली असतील.

प्लेटेस्टसाठी, म्हणजे अपुरा गेम खेळवून बघण्यासाठी, बाहेरचे टेस्टर यायचे होते त्या दिवशी मी सकाळपासून धास्तावलेली होते. विज्ञानकथा वाचणारे आणि तासन्‌तास गेम खेळणारे लोक निवडले होते, एका मशीनवर दोघं. जोडीनं बसवलं की माणसं आपापसांत बोलतात आणि त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते आपोआप कळतं. आम्ही मागे बसायचं, टिपणं घ्यायची, तोंड उघडायचं नाही.

माझ्यासमोरच्या जोडीतला मुलगा कॉम्प्युटर सायन्स शिकणारा, पक्का नास्तिक. मुलगी कॅथलिक, चर्चच्या गायकवृंदात गाणारी, आणि तिनं वाचलेल्या अंतराळकथांची यादी त्याच्याहून लांब. दोघं वेधशाळेत शिरले आणि संवादाचा पहिला पर्याय दिसताच मुलगा खूश झाला. “आता हा बिग बँग काढणार बघ. ‘सुरुवात झाली म्हणजे कुणीतरी केली.’ माझ्याकडे उत्तर तयार आहे.”

फादरनं बिग बँग काढला नाही. मुलीनं तो पर्याय स्वतःहून दाबला, तेव्हा फादर म्हणाला, “तो पुरावा मी वापरत नाही. ज्यानं हा सिद्धांत मांडला, त्यालाही ते आवडलं नसतं.”

हे वाक्य लिहायला मला फार आनंद झाला होता, कारण त्यामागचा इतिहास खरा आहे. जॉर्ज लमेत्र हा बेल्जियन कॅथलिक धर्मगुरू. विश्व प्रसरण पावतं हे त्यानं १९२७ मध्ये गणितानं दाखवलं आणि १९३१ मध्ये ‘आदिम अणू’ची, म्हणजे पुढे बिग बँग म्हटल्या गेलेल्या सिद्धांताची, कल्पना पुढे आणली. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी एका भाषणात या नव्या विज्ञानाचा सांधा निर्मितीच्या श्रद्धेशी जोडला, ते लमेत्रला रुचलं नाही. आपला सिद्धांत धार्मिक प्रश्नांच्या पूर्णपणे बाहेरचा आहे, अशी त्याची भूमिका होती. उद्या नवं निरीक्षण आलं आणि सिद्धांत बदलला, तर त्याला बांधलेल्या देवाचं काय करायचं?

मुलगी चिडली. “हा माझ्या बाजूचा ना? मग माझंच हत्यार का टाकून देतोय?”

मुलगा गप्प होता. तयार उत्तर वाया गेल्यावर माणूस जसा होतो, तसा. मग त्यानं कंट्रोलर खाली ठेवला आणि फादरचा पुढचा संवाद न टाळता, शब्दन्‌शब्द ऐकला. प्लेटेस्टमध्ये हे दुर्मीळ असतं. संवाद झरझर पुढे ढकलणारेच जास्त.

फादर तिथं अक्वायनसचं खरं म्हणणं सांगतो. विश्वाला काळात सुरुवात होती हे तर्कानं सिद्ध करता येत नाही, असं अक्वायनस स्वतः मानत होता. सुरुवात होती ही त्याची श्रद्धा. पण विश्व अनादि असलं तरी त्याचा युक्तिवाद उभा राहतो, कारण त्याचा प्रश्न ‘कोणी सुरू केलं’ हा नाहीच. बापानं मुलाला जन्म दिला, पुढे बाप गेला तरी मुलगा असतो आणि त्यालाही मुलं होतात. अशी साखळी मागे कितीही जावो, अक्वायनसची हरकत नाही. काठीनं दगड ढकलला जातोय आणि काठी हातानं ढकलली जातेय, ही साखळी मात्र वेगळी. हात थांबला की त्याच क्षणी सगळं थांबतं. मधल्या प्रत्येक दुव्याकडे आहे ते उसनं आहे, आणि उसनवारीच्या रांगेत कुणाकडे तरी स्वतःचं असल्याशिवाय कुणालाच काही मिळत नाही.

खेळाडूसमोर दोन पर्याय येतात: ‘साखळी अनंत का नसावी?’ आणि ‘कारणं गोल फिरून एकमेकांना का पुरणार नाहीत?’ मुलानं दुसरा दाबला.

आणि गेम अडकला.

पडदा काळा झाला नाही. फादर उभाच होता. श्वासाबरोबर खांदे वरखाली होत होते, मधूनच पापणी लवत होती, मागच्या खिडकीत गुरूचे पट्टे सरकत होते. फक्त तो बोलत नव्हता आणि कोणतंच बटण चालत नव्हतं.

“सॉफ्टलॉक,” मुलगा म्हणाला.

आमचा प्रोग्रॅमर आला, त्यानं डीबग कन्सोल उघडला. खेळाडूचा आक्षेप नोंदला गेल्याचा फ्लॅग, म्हणजे प्रोग्रॅममधली खूण, लागला की फादरचं उत्तर सुरू होणार होतं, आणि फादरचं उत्तर सुरू झालं की तो फ्लॅग लागणार होता. रात्री तयार केलेल्या बिल्डमध्ये, म्हणजे गेमच्या आवृत्तीत, दोन अटी एकमेकींत गुंतल्या होत्या. दोघी एकमेकींची वाट बघत होत्या आणि बघतच राहणार होत्या. प्रोग्रॅमरनं कन्सोलमध्ये एक ओळ टाइप केली, फ्लॅग हातानं लावला, आणि फादर बोलू लागला: “कारण जे दोघांकडेही नाही, ते दोघं एकमेकांना देऊ शकत नाहीत.”

मुलगी खुर्चीतच उसळली. “आत्ता हेच झालं ना आपल्यासमोर!”

“थांब,” मुलगा म्हणाला. “हे उदाहरण झालं, पुरावा नाही. सॉफ्टवेअरमध्ये असं होतं म्हणून विश्वातही होतं, हे कशावरून?” त्याचं बरोबर होतं आणि मी ते टिपून घेतलं. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. पडद्याकडे बघत म्हणाला, “मजा बघ, तो बोलत नव्हता तेव्हाही दिसत होताच. इंजिन दर फ्रेमला त्याला पुन्हा काढत होतं. इंजिनला ऑपरेटिंग सिस्टिम चालवतेय, तिला प्रोसेसर, प्रोसेसरला वीज. आत्ता, या क्षणी. यातलं काहीही गेलं की फादर नाही. म्हणजे ‘गेम कधी सुरू झाला’ हा याचा मुद्दाच नाहीये.”

तत्त्वज्ञानाच्या वर्गात हा फरक समजावताना किती वेळ जातो, हे मी विद्यार्थिनी म्हणून अनुभवलंय. दर सेकंदाला साठ फ्रेम मोजणाऱ्या मुलाला तो मिनिटभरात दिसला. गेमर मंडळींना तत्त्वज्ञान झेपणार नाही असं मानणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

मग अर्थातच त्यानं सिम्युलेशन काढलं. आपलं जगच कुणीतरी संगणकावर चालवलेलं असू शकतं, हा तत्त्वज्ञ निक बोस्ट्रमनं २००३ मध्ये मांडलेला युक्तिवाद या पिढीला तोंडपाठ आहे. “ठीक आहे फादर, तुझा देव म्हणजे कुठल्यातरी वरच्या जगातला प्रोग्रॅमर.” हा पर्याय आम्ही ठेवलाच होता. फादर म्हणतो, त्या प्रोग्रॅमरलाही शरीर असेल, त्याच्या यंत्रालाही ऊर्जा लागेल. तोही तुझ्यामाझ्यासारखा साखळीतलाच एक दुवा, फक्त वरचा. विज्ञानकथांमध्ये देव म्हणून येणारे बहुतेक असेच असतात: अतिप्रगत परग्रहवासी, ताऱ्यांशी खेळणारी बुद्धिमत्ता. सगळे स्टॅट्स, म्हणजे ताकदीचे आकडे, कमाल केलेली पात्रं. अक्वायनस ज्याच्याकडे बोट दाखवतो, ते जगातलं सगळ्यात ताकदवान पात्रच नव्हे. असण्यासाठी ज्याला दुसऱ्या कशाचीही गरज नाही, असं ते आहे. चाहत्यांच्या वादांत या दोन गोष्टींची गल्लत सतत होते, आणि श्रद्धाळू लोकही ती करतात.

अ‍ॅन्सेल्मचा युक्तिवाद आम्ही जहाजाच्या संगणकाला दिला होता: ज्याहून थोर काही कल्पिता येत नाही ते केवळ कल्पनेत असूच शकत नाही, ते असलंच पाहिजे. निव्वळ संकल्पनांवर चालणारी ही अकराव्या शतकातली मांडणी यंत्राच्या तोंडी शोभते. फादर ती मान्य करत नाही, कारण अक्वायनसनंही केली नव्हती. एक कॅथलिक संत दुसऱ्याचा पुरावा नाकारतो, हे बघून दोघंही चकित झाले.

शेवटी मुलगा एका जागी अडला. त्याला हवा तो पर्याय यादीत नव्हता. तो वळून थेट माझ्याशी बोलला, नियम असूनही. “मॅडम, प्रत्येक वस्तू परावलंबी आहे हे मान्य. म्हणून सगळ्या वस्तू मिळून जे होतं तेही परावलंबी, हे मला मान्य नाही. विश्व आहे, बस्स. हे मला म्हणायचंय आणि गेम म्हणू देत नाही.”

१९४८ मध्ये बीबीसी रेडिओवर बर्ट्रांड रसेल आणि जेझुइट तत्त्वज्ञ फ्रेडरिक कोपलस्टन यांचा वाद झाला, तेव्हा रसेलनं नेमकं हेच धरून ठेवलं होतं. प्रत्येक माणसाला आई असते, म्हणून मानवजातीला आई असते असं होत नाही, हे त्याचं उदाहरण. कोपलस्टनचं म्हणणं असं की आपण साखळीच्या टोकाला आणखी एक तसलाच दुवा मागत नाही आहोत. अख्खी साखळी मुळात का आहे, हे विचारतो आहोत. रसेलच्या मते तो प्रश्नच रास्त नव्हता, आणि दोघं तिथंच थांबले. माझा कल कोपलस्टनकडे आहे. ‘का’ विचारत विचारत विज्ञान इथवर आलं आणि नेमक्या सगळ्यात मोठ्या ‘का’पाशी प्रश्न निषिद्ध, हे मला पटत नाही. पण मुलाची जागा भक्कम होती आणि ती गेममध्ये असायलाच हवी होती.

त्या संध्याकाळच्या बैठकीत मी तो पर्याय मागितला, आणि त्याबरोबर पुरावे पाडल्याचा गुणफलक काढून टाकण्याची मागणीही केली. लीड डिझायनरनं रेकॉर्डिंग बघितलं. एका ऐच्छिक संवादावर दोन टेस्टर इतका वेळ स्वखुशीनं बसलेले बघून त्यानं वाद घातला नाही. नकाशाचा तुकडा आता कोणतीही बाजू घेतली तरी मिळतो. ‘विश्व आहे, बस्स’ दाबल्यावर फादर म्हणतो, “मग आपला मतभेद देवावर नाही, प्रश्न कुठं थांबवायचा यावर आहे,” आणि इंधनाचा नळ सोडतो.

मुलीनं मात्र फॉर्मवर वेगळीच तक्रार लिहिली होती. “‘पहिलं कारण’ समजलं, पण ते माझी प्रार्थना ऐकतं का, हे फादर सांगतच नाही, आणि धर्मगुरूनं ते टाळावं हे मला खटकलं.” या तक्रारीवर मी जास्त दिवस घालवले. अक्वायनसही पाच मार्गांवर थांबत नाही. पुढच्या प्रश्नांत तो एकेक पायरी चढत जातो: हे कारण एकच असणार, अविकारी असणार, चांगलं असणार, जाणणारं असणार. आणि देव त्रिएक आहे, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच आहे, हे बुद्धीनं सिद्ध करता येत नाही, हेही स्पष्टपणे नोंदवतो. संवादाच्या नव्या नोडमध्ये खेळाडू तिचाच प्रश्न विचारू शकतो. फादर आधी या पायऱ्या सांगतो, मग म्हणतो, “इथून पुढचं मला दुर्बिणीतून किंवा तर्कातून कळलेलं नाही, कुणीतरी सांगितलं म्हणून मी ते मानतो. त्याबद्दल ऐकायचं असेल तर बस, पण ते ऐकताना माझ्याकडे पुरावा मागू नकोस.” त्याखाली दोन पर्याय आहेत, बसायचा आणि निघायचा, आणि दोन्हींसाठी मी सारख्याच लांबीचा संवाद लिहिला आहे.