मसाई पठारावरची थंडी आणि आरशाला बांधलेला थर्मामीटर

जानेवारीत सूर्योदयाला मसाई पठारावर पोहोचायचं असेल तर कोल्हापुरातून साडेपाचला गाडी काढा. शिवाजी पूल, वडणगे फाटा, केर्ली, वाघबीळ, तिथून पन्हाळा आणि पुढं म्हाळुंग्याच्या बाजूनं पठार. पन्हाळ्यापर्यंत वीसेक किलोमीटर आहेत आणि रस्ता चांगला आहे. त्याच्या पुढं रस्ता अरुंद होतो, अंधार असतो आणि वाटेत जनावरं बसलेली असतात, म्हणून वेळ हातात ठेवून निघालेलं बरं.

यंदा भाचा सोबत होता. बारावी सायन्सला आहे, त्यामुळं डोक्यात सतत काहीतरी प्रयोग. त्यानं छोटा डिजिटल थर्मामीटर बाईकच्या आरशाला सुतळीनं बांधला. निघताना आकडा होता १४. पंचगंगेच्या पुलावर १३ झाला आणि तिथंच अडकला. गाडी पन्नासला पोहोचली, माझ्या डोळ्यांतून पाणी, बोटं लाकडासारखी, आणि मागून आवाज, "मामा, बिघडलाय हा. एवढं गार लागतंय आणि आकडा हलंना!"

थर्मामीटरला काही झालं नव्हतं. हवा १३ अंशांची, म्हणजे कितीही पळवला तरी तो १३ च दाखवणार. आपल्या कातडीचं तापमान तीसच्या वर असतं, आणि तिच्याभोवती अंगानंच तापवलेल्या हवेचा पातळ थर असतो. वारा तो थर ओढून नेतो. अंग नवा थर तापवतं, वारा तोही नेतो. ही जी भरपाई करत राहावी लागते, तीच आपल्याला थंडी म्हणून जाणवते. थर्मामीटरकडं मुळात जास्तीची ऊब नव्हतीच, मग वारा त्याच्याकडून नेणार काय?

गाडीचंही तसंच. वाघबीळला चहाला थांबलो तेव्हा इंजिन चांगलं तापलेलं होतं. त्यावरच्या पात्या वाऱ्यानं गार होण्यासाठीच असतात. पण वारा इंजिनाला फक्त लवकर गार करतो, हवेपेक्षा गार करत नाही. रात्रभर वादळ झालं तरी १३ अंशांच्या हवेत कोरडं इंजिन, टाकी, बॅटरी वाऱ्यामुळं १३ च्या खाली जाणार नाही. सकाळी गाडी बटण-स्टार्टला दाद देत नसेल तर वाऱ्याला शिव्या देऊ नका, बॅटरी तपासा.

आणखी एक गंमत. निघताना घरासमोर गाडीची सीट दवानं ओली होती. निरभ्र रात्री सीट आपली उष्णता उघड्या आभाळाकडं सोडते आणि खरोखरच हवेपेक्षा गार होते, मग तिच्यावर दव धरतं. पठारावर मात्र रात्रभर वारं असल्यानं गवत कोरडं ठणठणीत होतं. वाऱ्यानं गवताला हवेच्या तापमानावर धरून ठेवलं होतं. म्हणजे तिथं वाऱ्यानं गार करायच्या ऐवजी गार होऊ दिलं नाही! ऊस, गवत, करवंद ही जिवंत असली तरी अंगची ऊब तयार करून टिकवत नाहीत, त्यामुळं या हिशेबात ती गाडीच्या बाजूला. वारा त्यांना सुकवतो, तो भाग वेगळा. शेळ्या मात्र आपल्या बाजूच्या. जाळीच्या आडोशाला एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, आणि वरच्या फांदीवर एक बुलबुल अंग फुगवून बसला होता. पिसांत हवा अडकवायची आणि वाऱ्याला ती नेऊ द्यायची नाही, एवढंच त्याचं चाललं होतं.

"विंड चिल किती असेल आत्ता?" म्हणजे वाऱ्यामुळं अंगाला किती अंशांसारखं वाटतं, हा भाच्याचा प्रश्न आलाच. हे मोजमाप थंड मुलखातलं. अंटार्क्टिकावर पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या संशोधकांनी प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात किती वेळात गोठतं ते मोजलं आणि १९४५ मध्ये छापलं. २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडानं नवं सूत्र घेतलं, ते माणसांच्या चेहऱ्यावरच्या चाचण्यांवरून. ते १० अंश आणि त्याखालीच लावायचं. हवा १० अंश आणि वारा ताशी ४० किलोमीटर असेल तर चेहऱ्याला ६ अंशांसारखं वाटतं. उणे १० ला तोच वारा उणे २१ सारखा. आपल्या १३ ला हे लागू नाही, त्यामुळं "पन्हाळ्यावर फील्स लाइक अमुक" असले स्टेटस टाकणाऱ्यांना टाकू द्या.

पण आपल्याकडं खरी गोम ओलाव्यात आहे. ऊन वर आल्यावर पठारावर १६ अंश होते. भाच्यानं रुमाल पाण्यात बुडवून पिळला, थर्मामीटरला गुंडाळला आणि वाऱ्यात धरला. आकडा बघता बघता १२ वर आला. निर्जीव वस्तूसुद्धा हवेपेक्षा गार झाली, कारण पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. वारा तेच काम भराभर करतो.

म्हणून केस ओले ठेवून पहाटे बाईकवर बसू नका. पठारावर चालून घाम आला असेल तर परत गाडीवर बसण्याआधी बनियन बदला. जाड स्वेटरपेक्षा स्वेटरवर साधं विंडचीटर जास्त उपयोगी, कारण लोकरीतून वारा आरपार जातो. विंडचीटर नसेल तर छातीवर, जॅकेटच्या आत, वर्तमानपत्र घाला. दिसत नाही आणि काम चोख करतं. हातमोजे पाहिजेतच. बोटं बधिर झाली की उतारावर ब्रेक किती दाबला ते कळत नाही, आणि वाघबीळच्या वळणांवर ते परवडत नाही. लहान पोराला स्कूटरवर पुढं उभं करू नका. सगळा वारा तेच झेलतं आणि त्याचं अंग आपल्यापेक्षा लवकर गार पडतं.

परतताना गुऱ्हाळ चालू दिसलं तर जरूर थांबा. आम्ही गेलो तेव्हा काहिलीतला पाक गार करायच्या वाफ्यात ओतत होते. शंभर अंशांच्या वरचा तो पाक गुळव्या लाकडी हत्यारानं झपाझप फिरवत होता. "वारं असलं की लवकर आळतोय, हात थांबवून चालत नाही," म्हणाला. चुलवाणासमोरची बाजू भाजत होती आणि पाठ गारठत होती, तरी तिथून हलावंसं वाटेना. काकवी घ्यायची असेल तर बाटली सोबत ठेवा.

पावसाळ्यात पन्हाळा-पावनखिंड करणाऱ्यांनी ही थंडी जानेवारीतल्यापेक्षा गांभीर्यानं घ्यावी. जुलैत पठारावर वीसेक अंश असले तरी अंग भिजलेलं, वारा सुसाट आणि आडोसा कुठंच नाही. कुणी थरथरायला लागला, बोलताना जीभ अडखळायला लागली, तर "चल, होतंय" म्हणून पुढं ढकलू नका. आधी वाऱ्याच्या आड न्या, ओले कपडे उतरवा, कोरडं काहीतरी गुंडाळा, शुद्धीत असेल तर गरम गोड चहा द्या आणि गाडीची सोय करा. सुका शर्ट आणि टॉवेल प्लॅस्टिकच्या पिशवीत दोनदा गुंडाळून सॅकच्या तळाशी ठेवा. सॅकचं रेनकव्हर तिथल्या वाऱ्यात उडून जातं.