तुम्ही विचारलंत म्हणून: लढाईच्या मुलखातलं खनिज घ्यायचंच कशाला?

युरोपातल्या छोट्या आयातदारांना कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोनं नीट चौकशी करून कसं आणावं, हे समजावण्याचं काम मी करते. पहिल्याच बैठकीत बहुतेक जण विचारतात, "तिकडे मध्य आफ्रिकेत, काँगोत, लढाई चालू आहे ना? मग तिथला माल घ्यायचाच कशाला? दुसरीकडून घेतो, म्हणजे प्रश्नच मिटला."

प्रश्न चांगल्या मनानं विचारलेला असतो, म्हणून उत्तर घाईत देत नाही. आधी २०१० सालाबद्दल सांगते.

त्या वर्षी जुलैत अमेरिकेत डॉड-फ्रँक हा आर्थिक सुधारणांचा कायदा झाला. त्यातल्या कलम १५०२ नुसार, कंपन्यांच्या उत्पादनांत ही चार खनिजं असतील तर ती काँगोतून किंवा शेजारच्या देशांतून आली आहेत का, हे शोधून जाहीर करायचं होतं. 'घेऊ नका' असं त्यात कुठंच नव्हतं. पण चौकशी करण्यापेक्षा काँगोचं नाव यादीतून खोडणं अनेकांना सोपं वाटलं. सप्टेंबरमध्ये काँगोचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोसेफ कबिला यांनीही पूर्वेकडच्या उत्तर किवू, दक्षिण किवू आणि मानिएमा या प्रांतांतल्या खाणकामावर बंदी घातली. ती मार्च २०११ मध्ये उठली, पण गेलेले खरेदीदार लगेच परतले नाहीत. पूर्व काँगोत लोक या कायद्याला 'ओबामाचा कायदा' म्हणू लागले. फावडं-घमेलं घेऊन खणणाऱ्या माणसांचा रोजगार गेला, आणि त्यासोबत मुलांची शाळेची फी आणि घरातलं औषधपाणी. खाणींतून पैसा काढणारे बंदूकधारी मात्र हटले नाहीत. खिशातून सहज सीमेपार नेता येणारं सोनं त्यांच्या हाताशी होतंच.

म्हणून पाठ फिरवण्याला मी जबाबदारी म्हणत नाही. युरोपीय संघाचा नियम, २०१७ चा ८२१ क्रमांकाचा, १ जानेवारी २०२१ पासून आयातदारांना पूर्णपणे लागू झाला. तोही कुठल्याच मुलखावर बंदी घालत नाही. माल कुठून येतो ते शोधा, धोका ओळखा, त्यावर काय केलं ते सांगा, एवढंच तो मागतो. वर्षाला १०० किलोपेक्षा कमी सोनं आणणाऱ्याला तो लागूही होत नाही. तरी अशा लोकांनीही चौकशी करावी, असं मी आग्रहानं सांगते.

चौकशी म्हणजे नेमकं काय, हे समजावण्यात माझा सगळ्यात जास्त वेळ जातो. आयातदार फाइल उघडून म्हणतात, "सगळे कागद आहेत." मी म्हणते, कागद आहेत हे दिसतंय, आता ते वाचू या. खाणीवर हातानं खणणारी मोजकी माणसं असतील तर महिन्याला एवढं वजन निघेल का? पावसाळ्यात खड्डे पाण्यानं भरतात, मग त्या महिन्यांतही आकडा तोच कसा? माल कुठल्या खाणीतला ते सांगणारा पोत्यावरचा टॅग खाणीवर लावला की दलालाच्या गोदामात? टॅग विकले जातात, हे या धंद्यात कुणाला नवीन नाही. आणि खनिज एकदा स्मेल्टरमध्ये, म्हणजे धातू गाळणाऱ्या कारखान्यात, वितळलं की ते कुठल्या डोंगरातलं होतं हे धातूकडे पाहून कळत नाही. म्हणून स्मेल्टरचा ऑडिट अहवाल मागवायचा, आणि तो कोणत्या तारखेपर्यंतचा आहे हेही बघायचं.

काही ठिकाणी मात्र मीही 'थांबा' म्हणते. ओईसीडी या आर्थिक सहकार्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शिकेत ही रेषा स्पष्ट आहे. सक्तीची मजुरी, बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार, छळ किंवा सशस्त्र गटाला पैसा जाणं, यातलं काही असण्याचा रास्त संशय आला तरी व्यवहार ताबडतोब थांबवायचा. लाचलुचपत, खोटं उगमस्थान दाखवणं अशा बाबतींत पुरवठादारासोबत राहून सुधारणा घडवायची आणि सहा महिन्यांत मोजता येईल असा फरक दिसायला हवा. या दोहोंतला भेद मला फार मोलाचा वाटतो. वाईट काय ते तो लपवत नाही, आणि साध्या खणणाऱ्याला बंदूकधाऱ्यांच्या रांगेत उभंही करत नाही.

रुबाया हे 'थांबा'चं ढळढळीत उदाहरण. उत्तर किवूतल्या या खाणींतून जगातल्या कोल्टनचा सुमारे १५ टक्के हिस्सा येतो, असं सांगितलं जातं. टँटलम हा धातू या कोल्टनमधून मिळतो. एप्रिल २०२४ मध्ये एम-२३ या सशस्त्र बंडखोर गटानं रुबाया ताब्यात घेतलं आणि तिथल्या व्यापारावर कर बसवला. तिथला माल घेणं म्हणजे तो कर भरणं.

म्हणजे तुमचंच म्हणणं बरोबर ठरलं? रुबायापुरतं, हो. पण 'दुसरीकडून घेतो' या शब्दांवर मी पुन्हा बोट ठेवते. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटानं डिसेंबर २०२४ च्या अहवालात नोंदवलं आहे की रुबायाचं कोल्टन चोरट्या मार्गानं शेजारच्या रवांडात जातं आणि तिथल्या मालात मिसळतं. तिथून पुढे कागदावर काँगोचं नाव उरत नाही.

मध्यंतरी एका आयातदारानं काँगोशी संबंधित पुरवठादार सोडून शेजारच्या देशातला नवा पुरवठादार धरायचं ठरवलं होतं. करारावर सही व्हायची होती. मी त्यांना एकच विचारलं, या नव्या माणसाच्या खाणी कोणत्या आणि गेल्या दोन वर्षांत त्यांचं उत्पादन किती वाढलं? त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी सही थांबवली आणि दोन्ही पुरवठादारांना तोच प्रश्न लेखी पाठवला. जुन्यानं खाणींची नावं आणि महिनावार वजनं पाठवली. नव्याकडून अजून उत्तर आलेलं नाही.