तुम्ही विचारलंत म्हणून: मेलेली बाई उठते, तो सिनेमा

"सर, तुम्ही देव मानत नाही, मंग तो मेलेली बाई उठते तो सिनेमा काहून पाहता जी दरवर्षी?" नागपूरच्या धंतोलीतल्या आमच्या चहाच्या टोळक्यात हा प्रश्न ठरलेला. सिनेमा म्हणजे कार्ल ड्रायरचा १९५५ चा डॅनिश 'ओर्डेट'.

आधी माझा पराक्रम ऐका. २१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध पितो म्हणून महाल भागातल्या आमच्या गल्लीत देवळापुढे ही रांग! मी फिजिक्सचा मास्तर. चमचाभर दुधात कुंकू कालवलं आणि सोंडेला टेकवलं. दूध दगडाला शिवलं की पृष्ठताणामुळे ओढलं जातं आणि पातळ थर होऊन ओघळतं. पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दूध दिसत नाही. माझं लाल दूध मात्र पोटावरून पार पायापर्यंत दिसलं. पोरांनी टाळ्या पिटल्या. शेजारच्या काकूंनी दुधाचा गंज पदराखाली झाकला आणि रांगेतून निघून गेल्या. त्यांचा मुलगा दवाखान्यात होता, हे मला रात्री कळलं.

आता सिनेमा. शेतकऱ्याची सून इंगर बाळंतपणात जाते. नवरा मिकेल नास्तिक, दीर योहानेस स्वतःला येशू समजणारा. पाद्रीबुवांच्या मते चमत्कार हल्ली होत नसतात. (मूळ नाटककार काय मुंक स्वतः पाद्री, १९४४ मध्ये नाझींनी त्यांना ठार केलं.) शेवटी इंगरची चिमुरडी त्या वेड्या काकाचा हात धरते, आईला लवकर उठव म्हणते. इथे मीही मनात 'उठव' म्हणतो. दरवेळी! गंज घेऊन रांगेत उभा असतो म्हणा ना.

आधी शवपेटीतली बोटं हलतात. मग ती नवऱ्याला कवटाळते, उघडं तोंड त्याच्या गालाला घासत. अगदी हाडामांसाची बाई. आणि बाळाचं विचारते. बाळ मात्र परत येत नाही. डॉक्टरला ते पोटातच कापून काढावं लागलेलं असतं. नुसतं भुलवायचं असतं, तर ड्रायरने बाळही रडतं दाखवलं असतं. त्या एका प्रश्नामुळे मी हा सिनेमा मानतो.

काकूंचा मुलगा आठवड्याने घरी आला. सलाईन आणि इंजेक्शनं, दुसरं काय. काकू पेढे घेऊन आल्या. "गणपतीनं ऐकलं, सर."

मी दोन पेढे घेतले. पृष्ठताण काही तोंडातून निघाला नाही.